कुरवंजीची पायवाट आणि आभासी डोंगर

तंजावूरला डोंगर नाही. कावेरीच्या फाट्यांनी भिजविलेली भातशेते चहूंकडे सपाट पसरलेली आहेत, आणि त्यांच्या मध्ये जे काही उंच दिसते ते माणसाने रचलेले आहे. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराचे विमान सुमारे दोनशे फूट वर चढले आहे, आणि त्यास ‘दक्षिणमेरू’ म्हणतात. हे नाव निव्वळ गौरवाचे आहे असे आम्हांस वाटत नाही. जेथे चढावयास टेकाडही नव्हते तेथे त्या राजाने पर्वत उभा केला, आणि पायथ्याशी उभे राहून मान वर करणाऱ्या यात्रेकरूस डोळ्यांपुरती चढण घडविली. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. तो लेख पाहून आलेले आमचे वाचक पुष्कळ असतील. आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते सरफोजींच्या दुसऱ्या एका उद्योगाविषयी, आणि तेही अगदी आजच्या एका कलाप्रकाराच्या निमित्ताने.

‘आभासी वास्तव’ ह्या नावाचे जे तंत्र गेल्या दहाएक वर्षांत बाजारात स्थिरावले आहे, त्यातील एक खेळप्रकार म्हणजे डोंगरातील पायपीट. खेळणारा डोळ्यांवर पेटीसारखा जाड चष्मा चढवितो. दोन डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रे येतात, त्यांतून खोली भासते, आणि मान वळवावी तसे दृश्यही वळते. हातांत दोन मुठी असतात. त्यांनी खडक धरावयाचा, दोर ओढावयाचा, पाण्याची बाटली तोंडाशी न्यावयाची. चालावयाचे, वाट शोधावयाची, तहान-भूक आणि ऊन-थंडी यांतून तगून जिवंत परत यावयाचे, हा खेळाचा हेतू. असे खेळ रचणारे पुष्कळदा तरुण, संख्येने मोजके आणि मुदतीने बांधलेले असतात. २००९ पासून ‘ग्लोबल गेम जॅम’ नावाचा मेळावा दरवर्षी जगभर भरतो. विषय जाहीर झाला की अठ्ठेचाळीस तासांत खेळ उभा करावयाचा. इतक्या वेळात आमच्याकडे एखादी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचत नाही.

साहित्याच्या मासिकात अशा खेळांची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जेथे आपण गेलो नाही तेथे गेल्याचा प्रत्यय देऊ म्हणणारी कोणतीही कृती साहित्याच्या जुन्याच व्यवसायात उतरलेली असते. प्रवासवर्णनास जी कसोटी आपण लावतो ती तिलाही लागू आहे. शिवाय ह्या प्रश्नात आपला स्वतःचा एक स्वार्थ गुंतलेला आहे. ह्या मासिकाचे बहुतेक वाचक रेल्वे, आयकर, टपाल, बँका, लेखापरीक्षण अशा खात्यांतून परप्रांती बदलून आलेले. त्यांच्या मुलांच्या वाट्यास सह्याद्री येतो तो मे महिन्याच्या रजेतील चार दिवस, आणि तेही बहुधा मोटारीच्या खिडकीतून. उद्या ह्या मुलांस सह्याद्रीची पहिली ओळख असल्या चष्म्यातून होणार असेल, तर त्या चष्म्यात काय असावे याविषयी बोलण्याचा आपणांस अधिकार आहे.

आता सरफोजीराजांकडे वळू. ते १७९८ साली गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या सत्तेत उरला तो तंजावूरचा किल्ला आणि त्याचा लगतचा परिसर. श्वार्ट्‌झ ह्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले, इंग्रजी जाणणारे, देशोदेशींचे ग्रंथ आणि नकाशे जमविण्याचा ध्यास असलेले हे राजे. सकाळच्या रपेटीत फिरून यावे एवढेच ज्यांचे राज्य उरले होते, त्यांनी साऱ्या पृथ्वीचा भूगोल मराठी गाण्यांत बांधला. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे ते नाटक. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते १९५० साली छापून प्रसिद्ध केले.

कुरवंजी हा तमिळ देशातील नाट्यप्रकार. त्यात एक नायिका असते. ती देवावर अथवा राजावर अनुरक्त असते आणि विरहाने झुरत असते. तेवढ्यात कुरव जमातीची एक भटकी स्त्री, कुरत्ती, टोपली आणि काठी घेऊन प्रवेश करते, नायिकेचा हात पाहते आणि मनोरथ पुरे होतील असे भविष्य सांगते. परंतु हात पाहण्याआधी ती आपल्या डोंगराचे वर्णन करते. तिरिकूड रासप्प कविरायरांच्या ‘कुट्राल कुरवंजी’त कुट्रालमच्या डोंगराचे आणि धबधब्याचे हे वर्णनच रसिकांच्या तोंडी अधिक राहिले आहे. खुद्द सरफोजींना नायक करून कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकरांनी रचलेली तमिळ ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे. म्हणजे हा प्रकार राजांच्या अंगणातला होता.

ह्या रचनेत एक खुबी आहे, ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. नायिका वाड्याबाहेर पडलेली नाही. कुरत्ती सर्वत्र हिंडून आलेली आहे. तिचे भविष्य खरे का मानावयाचे? तिच्या पायांना धूळ आहे म्हणून. कोणत्या कड्याशी मध लागतो, कोणत्या ओढ्याचे पाणी कधी आटते, हे ज्या स्त्रीस पायांनी ठाऊक आहे तिला नशिबाच्या वाटाही ठाऊक असतील, असा प्रेक्षकाचा विश्वास बसतो. डोंगराचे वर्णन हे तेथे सजावटीचे अंग नाही. ते तिचे प्रमाणपत्र आहे.

सरफोजींनी जगाचा भूगोल सांगण्यास हीच स्त्री निवडली. पंडित निवडला नाही, पाद्रीही निवडला नाही. कुरत्ती इंद्राणीपुढे उभी राहते आणि पृथ्वीवरील खंडे, देश आणि नगरे गाऊन सांगते. ही निवड आम्हांस अत्यंत प्रतिभेची वाटते. युरोपातून आलेल्या नकाशावरील अपरिचित नावांना आपल्या मातीतील आवाज मिळाला. आणि स्वर्गात बसलेल्या देवतेस पृथ्वीची माहिती एका अनवाणी स्त्रीकडून घ्यावी लागली, हा विनोदही काही कमी नाही.

तथापि निवड जितकी मोठी तितकी तिची सिद्धी झाली आहे असे आम्ही म्हणणार नाही. नाटक पुढे सरकते तशी नावांमागून नावे येतात. राजांमधील शिक्षक जागा होतो आणि नाटककार मागे सरतो. कुरत्ती एका खंडातून दुसऱ्या खंडात जाते, पण कशी गेली, कोठे थांबली, कोणता समुद्र तिला आडवा आला, हे जाणवत नाही. तिच्या पायांची धूळ झटकली गेली, आणि तिच्याबरोबर विश्वासाचे कारणही गेले. पुढे १८२० ते १८२२ च्या सुमारास सरफोजींनी मोठ्या परिवारासह काशीची यात्रा केली. मुक्काम, नद्यांचे उतार आणि परिवाराची दाणापाण्याची चिंता ही मग त्यांस नकाशाबाहेर भेटलीच असणार. नाटकात मात्र ती नाहीत. विद्यार्थ्यांच्या पाठांतरास ही रचना उत्तम. प्रवासाचा प्रत्यय म्हणून ती उणी आहे.

आणि नेमका हाच उणेपणा आजच्या आभासी डोंगरांत पुन्हा भेटतो.

त्याचे कारण यंत्रात आहे. चष्म्यातला डोळा सांगतो की आपण चाललो आहो; कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण दिवाणखान्यात स्थिर आहो. ह्या दोन साक्षी जुळत नाहीत आणि पुष्कळांस मळमळू लागते. ह्यावर खेळ रचणाऱ्यांनी जो सर्वांत सोपा तोडगा काढला तो उडीचा: जेथे जावयाचे तेथे बोट दाखवावे आणि निमिषात तेथे असावे. मळमळ थांबते. पण पायपीटही थांबते. एका देखाव्यावरून दुसऱ्या देखाव्यावर उडत जाणे म्हणजे सरफोजींच्या कुरत्तीने एका देशाच्या नावावरून दुसऱ्या देशाच्या नावावर जाणे. मधली चढण कोणी चढलेच नाही.

आइसलंडमधील सॉल्फार ह्या संस्थेने २०१६ साली ‘एव्हरेस्ट व्ही.आर.’ हा प्रकार काढला. तीन लाखांवर छायाचित्रे जुळवून पर्वत उभा केला होता. दृश्य भव्य आहे, आणि भव्यतेने काही वेळाने डोळे बधिर होतात. पण त्यात खुंबूच्या हिमप्रपातातील भेगेवर आडवी टाकलेली शिडी ओलांडण्याचा एक प्रसंग आहे. तेथे दिवाणखान्यातील सपाट फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचे गुडघे खरोखर लटपटतात. छायाचित्रांच्या सगळ्या ऐश्वर्यापेक्षा त्या एका शिडीची किंमत आम्ही अधिक मानतो. त्याच वर्षीच्या ‘द क्लाइंब’ ह्या क्रायटेक संस्थेच्या खेळात पायांचा प्रश्नच बाजूस सारला आहे. खेळणाऱ्यास आपले दोन हात तेवढे दिसतात. खोबणीत बोटे घालावी, दुसरा हात मोकळा करावा, दमलेल्या हाताला उसंत द्यावी, घामट तळव्यांना खडूची पूड लावावी. हात यंत्रास खरोखर कळतात, पाय कळत नाहीत, हे ओळखून रचनाकाराने सारी चढाई हातांवर बेतली. साधनाच्या मर्यादेतून कलेचा आकार काढणे म्हणतात ते हे.

तगून राहण्याच्या खेळांत कॅनडातील हिंटरलँड संस्थेचा ‘द लाँग डार्क’ प्रसिद्ध आहे. तो चष्म्याचा खेळ नव्हे. साध्या पडद्यावरचा आहे. २०१४ साली अपुऱ्या रूपात आणि २०१७ साली पुढच्या कथेसह आला. बर्फात अडकलेल्या माणसाची ऊब, थकवा, तहान आणि भूक ह्यांचा हिशेब त्यात पदोपदी चालतो. भूक तर उष्मांकांत मोजलेली. आमच्या लेखापरीक्षण खात्यातील वाचकांस तो फार आवडेल. कोणी म्हणेल, हालअपेष्टांची अशी खतावणी ही कला कशी? आम्हांस ती दोषास्पद वाटत नाही, कारण तेथे प्रत्येक पावलाला खर्च आहे, आणि खर्च आहे म्हणून वाट निवडण्यास अर्थ आहे. त्या टेकडीमागे झोपडी असेल की नसेल, ह्या शंकेत जो चालतो तो खरा वाटसरू. हाल आणि निवड ह्यांचा संबंध तुटला की मात्र आकडेच शिल्लक राहतात. त्याच्या अनुकरणातून निघालेल्या पुष्कळ खेळांत तो तुटलेला आहे.

आता मुदतीविषयी. थोड्या वेळात रचलेली कृती उथळच असावयाची, असा आपला एक समज असतो. तो सरसकट खरा नाही. कॅनडातील अ‍ॅडम रॉबिन्सन-यू ह्या एकट्या रचनाकाराने दुसरा मोठा खेळ अर्धवट बाजूस ठेवून, एका वितरकास ठरल्या वेळी देण्यासाठी, थोड्या महिन्यांत ‘अ शॉर्ट हाइक’ हा खेळ पुरा केला. एप्रिल २०१९ मध्ये तो त्या वितरकाच्या सभासदांस मिळाला, जुलैत सर्वांसाठी खुला झाला, आणि २०२० साली स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात त्यास सर्वश्रेष्ठ पारितोषिक लाभले. हाही चष्म्याचा खेळ नाही. पण मुदतीत बसविलेली पायपीट म्हणून याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. क्लेअर नावाची एक पक्षीण उद्यानातील शिखरावर निघाली आहे. कशासाठी? तर ती एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहात आहे आणि शिखराखेरीज कोठे फोन लागत नाही. चढण्याचे बळ सोनेरी पिसांत आहे. जितकी पिसे जमतील तितका वेळ कड्यास धरून राहता येते. चित्रे जाणून ठोकळेबाज ठेवलेली. झाडाच्या प्रत्येक पानावर वेळ घालविण्याची सोय मुदतीने ठेवलीच नव्हती, आणि म्हणून सगळा वेळ गेला तो वाटेवर: कोठे वळावे, कोठे कोण भेटावे, कोठून शिखर पुन्हा दिसावे. वर पोहोचल्यावर आईचा फोन येतो. तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली असते. कड्यावर चढताना पिसांचा जो मोह जडला होता तो कशासाठी होता हे तेव्हा उमगते. घरापासून दूर राहणाऱ्या कोणास हा प्रसंग परका वाटेल?

चष्म्याच्या खेळात मुदत अधिक जाचक होते. २०१६ च्या चष्म्यांस सेकंदाला नव्वद चित्रे लागत, आणि तीही दोन्ही डोळ्यांसाठी निरनिराळी. म्हणजे एका चित्रास सेकंदाचा नव्वदावा भाग मिळणार. चित्र येण्यास उशीर झाला की घेरी आलीच. झाडे वाढवावीत तर चित्र अडखळते, झाडे काढावीत तर रान उघडे पडते. अठ्ठेचाळीस तासांतील पहिले तीस तास धुके, गवत आणि सूर्यास्त ह्यांत घालवावयाचे आणि वाट शेवटच्या रात्री कशीबशी आखावयाची, हा मार्ग त्यामुळे सर्वांत धोक्याचा. धुके हे जुन्या पौराणिक नाटकांतील पडद्यासारखे असते. ते चांगले रंगविले म्हणून प्रवेश रंगत नाही.

आमच्या मराठी तरुणांनी सह्याद्रीवर असा खेळ रचावयास घेतला तर काय होईल? भीती अशी वाटते की आल्प्सचा डोंगर घेऊन त्यावर भगवा लावला जाईल, लांडगे असतील, शेकोटी असेल, आणि थंडीने मरण येईल. सह्याद्रीत माणूस ज्याने हैराण होतो ते निराळेच आहे. एप्रिलमध्ये गडावर गेलेल्याचा पहिला प्रश्न पाण्याचा. कातळात खोदलेली टाकी असतात, पण कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आणि कोणते शेवाळलेले, हे गावकऱ्यास विचारावे लागते. दुसरा प्रश्न ढोरवाटांचा. गुरांच्या पायांनी पडलेल्या वाटा माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात आणि अर्ध्या डोंगरात नेऊन सोडतात. मग मुरमाचा घसारा, कड्यावरील आग्या मोहोळ, आणि पावसाळ्यात खिंडीत कोंदलेले ढग. ह्यांतील एकाही गोष्टीस लाखो छायाचित्रे लागत नाहीत. लागते ती वाट ठाऊक असलेल्या माणसाची साक्ष. गो. नी. दांडेकरांचे दुर्गभ्रमणाचे लेखन टिकले आहे ते गडांच्या इतिहासामुळे जितके, तितकेच त्यांच्या तंगडतोडीमुळे. महादेव कोळी आणि ठाकर वाटाड्या हा आपल्या डोंगरातला कुरव आहे. अठ्ठेचाळीस तासांपैकी पहिले दोन तास त्याच्या बोलण्यास द्यावेत, आणि मग यंत्र उघडावे.

विषयासाठी फार दूरही जावयास नको. संभाजीराजांच्या वधानंतर, रायगडास वेढा पडलेला असता, राजाराममहाराज १६८९ च्या पावसाळ्याअखेर पन्हाळगडावरून निघाले आणि मोगलांची फौज पाठीवर असता लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात कर्नाटकातून जिंजीस पोहोचले. केळदीच्या राणी चन्नम्मेने त्यांस वाट दिली. केशव पंडिताने त्या प्रवासावर ‘राजारामचरितम्’ हे संस्कृत काव्य रचले आणि वा. सी. बेंद्रे यांनी ते १९३१ साली संपादून छापले. तगून राहण्याची पायपीट म्हणावी तर ही. येथे शत्रू थंडी नाही, ओळख पटणे हा आहे. भुकेल्या यात्रेकरूने किती खावे, धर्मशाळेत कोणत्या भाषेत बोलावे, पाय धुण्यास गरम पाणी मागावे की नाही, अशा बारीक गोष्टींवर जीव लोंबकळत असणार. अशा खेळात आकडे कमी लागतील आणि कान फार लागतील.

जिंजीचा किल्ला २०२५ साली मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या बारांतील महाराष्ट्राबाहेरचा तो एकटा. तमिळनाडूत बदलून आलेल्या वाचकांस तो एका सुटीत पाहून येण्याजोगा आहे. तेथील राजगिरीचा चढ आमच्या मते मुदतीत बसणाऱ्या खेळास पुरेसा आहे. सगळा किल्ला करू नये, तीन टेकड्या तर मुळीच करू नयेत. पायथ्याच्या तळ्यापासून निघावे. उन्हाने तापलेल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, मोठाल्या गोट्यांमधील सावलीचे दोन-तीन टप्पे, हातातील खाऊवर डोळा ठेवून बसलेली माकडे. शेवटी माथ्याआधी कातळ दुभंगलेला आहे आणि त्या भेगेवर पूल आहे. वेढ्याच्या दिवसांत तो पूल काढून घेतला की माथा तुटून वेगळा होई. एव्हरेस्टवरील त्या शिडीचे काम हा पूल करील. खाली वाकून पाहावयाचे, मग पाऊल टाकावयाचे. पलीकडे धान्याचे कोठार आणि रंगनाथाचे देऊळ. वाटेत बोलणारे कोणी हवे असल्यास टोपली आणि काठी घेतलेली एक बाई पायरीवर बसवावी, आणि तिला राजधान्यांची नावे सांगावयास लावू नये. पाणी कोठे आहे एवढे तिने सांगावे, तेही विचारल्यास.